शंका आपली, जोखीम बाळाची
(युवा शिबिरातील भाषणाचे संपादित शब्दांकन)



संयोजकांनी लसीकरणावर बोला म्हटले तेव्हा मी त्यांना विचारले, डॉक्टर का नाही बोलवत? मी सॉफ्टवेअरवाला माणूस. ते म्हणाले, डॉक्टर येऊन गेले की लोक माना डोलावतात आणि घरी गेल्यावर तेच प्रश्न पुन्हा एकमेकांना विचारतात. दवाखान्यात ते प्रश्न कोणी विचारत नाही. विचारले तर सिस्टर ओरडतात, ही भीती. म्हणून आज मी डॉक्टर म्हणून नाही, एका तीन वर्षांच्या मुलीचा बाप म्हणून बोलणार आहे. घरात, कट्ट्यावर, जुम्म्याच्या नमाजनंतर जे प्रश्न ऐकू येतात तेच घेणार आहे. उदाहरण एकाच आजाराचे घेतो, गोवराचे. उर्दूत आपण त्याला खसरा म्हणतो.

गोवरच का? कारण तो आपल्या वस्तीतला आहे. 2022 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवंडीपासून गोवराची साथ सुरू झाली. पुढे भिवंडी आणि मालेगावातही रुग्ण सापडले. लहान मुले दगावली. या गावांची आणि वस्त्यांची नावे वाचली की आपल्यापैकी प्रत्येकाला कोणी ना कोणी नातेवाईक आठवतो. त्या साथीत आजारी पडलेल्यांत डोस न घेतलेल्या किंवा अर्धवट घेतलेल्या मुलांची संख्या मोठी होती.

आणखी एक गंमत सांगतो. गोवर आणि देवी हे दोन वेगळे आजार आहेत हे स्वतंत्र ग्रंथ लिहून व्यवस्थित मांडणारा पहिला मोठा वैद्य म्हणजे अबू बक्र अल-राझी. हजार वर्षांपूर्वीचा. आपण इब्न सीना आणि राझीची नावे अभिमानाने घेतो, पोस्टरवर छापतो. मग त्याच आजाराची लस दारात आली की दार लावून का घेतो?

माझे उत्तर असे आहे की लोक मूर्ख नाहीत. आईबाप तोलतात, आणि तोलावेच. पण तराजूला दोन पारडी असतात. आपण बहुतेक वेळा एकच पारडे भरतो. लस दिली तर काय होईल याची यादी करतो. न दिली तर काय होईल याची यादी करतच नाही, कारण "काही केले नाही" म्हणजे "काही होणार नाही" असे मनाला वाटते. आमच्या धंद्यात एखादे सुरक्षेचे अपडेट टाकले नाही तर सिस्टीम जशीच्या तशी सुरक्षित राहते असे कोणी म्हणत नाही. न टाकणे हाही निर्णयच असतो आणि त्याचेही परिणाम भोगावे लागतात.

तर आधी दोन्ही पारडी भरू.

पहिले पारडे, लशीचे. मुलाला इंजेक्शन दिले की जागा दुखते. आठवड्या-दीड आठवड्याने शंभरातल्या पाच ते पंधरा मुलांना ताप येतो, काहींच्या अंगावर पुरळ येते. दर तीन-चार हजारांत एखाद्या मुलाला तापामुळे झटका येऊ शकतो. पाहणाऱ्या आईचा जीव जातो, पण अशा झटक्यातून मूल सहसा पूर्ण बरे होते. जिवावर बेतणारी ॲलर्जी साधारण दहा लाखांत एखाद्याला होते, आणि म्हणूनच लस दिल्यावर अर्धा तास केंद्रावर थांबायला सांगतात. हे सगळे खरे आहे. "काहीच होत नाही" असे सांगणारा माणूस लशीचे नुकसान करतो. कारण रात्री ताप चढला की आई म्हणते, बघा, हे खोटे बोलले.

दुसरे पारडे, गोवराचे. गोवर झालेल्या वीस मुलांपैकी साधारण एकाला न्यूमोनिया होतो. हजारात एकाच्या मेंदूला सूज येते. श्रीमंत देशांत, चांगली इस्पितळे असतानाही, हजारात एक ते तीन मुले दगावतात. जिथे मुलांचे वजन कमी, अ जीवनसत्त्व कमी, खोलीत हवा कमी, तिथे हे प्रमाण कितीतरी वाढते. आणि मूल बरे झाले तरी गोष्ट संपत नाही. 2019 मध्ये नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या मुलांच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गोवर होण्याआधी इतर आजारांविरुद्ध जी प्रतिपिंडे त्यांच्या रक्तात होती, त्यातली 11 ते 73 टक्के गोवरानंतर नाहीशी झालेली दिसली. म्हणजे शरीराने कमावलेली आठवण गोवर पुसून टाकतो. "आमच्या वेळी सगळ्यांना गोवर यायचा, कोणी मेले का?" असे फुफी म्हणते. तिला प्रेमाने विचारा, फुफी, तुमच्या आईची किती बाळे झाली आणि त्यातली किती वाचली?

आता याच आकड्यांवरून निघालेला एक फसवा हिशेब. साथीत बातमी येते की आजारी मुलांपैकी अर्ध्याहून जास्त मुलांनी लस घेतलेली होती. लगेच मेसेज फिरतो की लस निकामी आहे. थोडे गणित करू. समजा, एका चाळीत शंभर मुले आहेत. नव्वद जणांनी एक डोस घेतला आहे, दहा जणांनी नाही. नवव्या महिन्यात दिलेला एक डोस साधारण 85 टक्के मुलांना वाचवतो. आता सगळ्यांपर्यंत विषाणू पोचला असे धरा. नव्वदपैकी तेरा-चौदा जण आजारी पडतील, आणि दहापैकी नऊ. एकूण आजारी बावीस-तेवीस, त्यात लस घेतलेले तेरा-चौदा. बातमी खरी आहे. पण लस घेतलेल्यांपैकी आजारी किती? शंभरात पंधरा. न घेतलेल्यांपैकी? शंभरात नव्वद. आणि त्या पंधरांसाठीच सोळाव्या ते चोविसाव्या महिन्यात दुसरा डोस असतो. तो आपल्याकडे फार विसरला जातो.

या दुसऱ्या पारड्यात आणखी एक वजन आहे आणि ते आपल्या मुलाचे नाही. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. दहा बाय दहाची खोली, मध्ये पत्र्याची भिंत, शेजारी चार महिन्यांचे बाळ. त्या बाळाचे लशीचे वय अजून झालेले नाही. त्याच्याभोवती जी मुले आहेत तीच त्याची लस. सुमारे 95 टक्के मुले सुरक्षित असतील तर गोवराला फिरायला वाट मिळत नाही. म्हणून "माझे मूल, माझी मर्जी" हे वाक्य पत्र्याच्या भिंतीपाशी येऊन थांबते.

आता घरातले प्रश्न. माझी मुलगी नऊ महिन्यांची झाली तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर एका खालांचा व्हॉइस मेसेज आला. लस घेतली तर मुलींना पुढे मूल होणार नाही, हा आपली लोकसंख्या कमी करण्याचा डाव आहे. माझी बायको म्हणाली, "फॉरवर्ड पुरुष पाठवा नाहीतर खाला पाठवा, तापात रात्रभर जागायचे आईनेच. म्हणून मला नीट उत्तर पाहिजे, ओरडणे नको." तिचे म्हणणे मला योग्य वाटले. म्हणून या शंकेला मी हसणार नाही. ती आकाशातून पडलेली नाही.

आणीबाणीत, नोव्हेंबर 1976 मध्ये, हरियाणातील उटावड या मुस्लिम वस्तीच्या गावाला पोलिसांनी वेढा घालून पुरुषांना धरून नसबंदीसाठी नेले. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने तो कायदा झाला नाही. आपल्या आजोबांच्या पिढीने हे पाहिले आहे. पुढे 2011 मध्ये ओसामा बिन लादेनचा माग काढण्यासाठी अमेरिकेच्या सीआयएने पाकिस्तानातील अबोटाबादमध्ये हेपॅटायटिस बी लसीकरणाचे सोंग केले. ते उघड झाले आणि 2014 मध्ये अमेरिकन सरकारला जाहीर करावे लागले की लसीकरणाचा असा वापर पुन्हा करणार नाही. म्हणजे संशयाला इतिहास आहे.

पण या सोंगाची किंमत कोणी भरली? सीआयएने नाही. पाकिस्तानात पोलिओचे थेंब देणाऱ्या बायका गोळ्यांना बळी पडल्या. पोलिओचा मूळ विषाणू आज फक्त पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात ठाण मांडून आहे. तिथे लुळी पडणारी मुले कोणाची आहेत? आपल्या रागाचे बिल नेहमी आपल्याच पाळण्यात येऊन पडते, हे मला तुमच्यापुढे ठेवायचे आहे. सरकारवर राग असेल तर मोर्चा काढा, न्यायालयात जा, मत द्या. बाळाला उपाशी ठेवून आपण सरकारचा निषेध करत नाही, मग बाळाची लस रोखून का करायचा?

आणि वांझपणाचे म्हणाल तर वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. आपल्याकडे गोवराची लस आणि रुबेलाची लस एकाच इंजेक्शनात असते. एमआर म्हणतात ती हीच. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत बाईला रुबेला झाला तर गर्भपात होऊ शकतो, किंवा बाळ बहिरेपणा, मोतीबिंदू, हृदयाचा दोष घेऊन जन्माला येऊ शकते. ज्या लशीने मुलीची कूस उजाडेल म्हणतात, ती लस त्या मुलीच्या पुढच्या बाळाला वाचवते. आपल्या देशातील पोलिओचीही तीच कथा. पश्चिम उत्तर प्रदेशात थेंबांविषयी हीच अफवा होती. उलेमा, मदरशांचे लोक, मोहल्ल्यातल्या बायका घरोघर फिरल्या, तेव्हा दारे उघडली. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावडा जिल्ह्यात सापडला. दीड वर्षाची मुलगी, तिला थेंब मिळाले नव्हते. 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. आणि थेंब घेतलेल्या त्या पिढीची आज लग्ने होत आहेत, अकीके होत आहेत. याहून मोठा पुरावा कोणता?

दुसरा प्रश्न, हलाल-हरामचा. काही लशी टिकाव्यात म्हणून त्यांत जिलेटिन वापरतात आणि ते डुकरापासूनचे असू शकते. मी आलिम नाही, फतवा देत नाही. आलिमांनी काय म्हटले ते सांगतो. 1995 मध्ये कुवेतमध्ये इस्लामी वैद्यकशास्त्राच्या संघटनेने फिक्हचे जाणकार आणि डॉक्टर यांना एकत्र बसवले. पदार्थाचे मूळ रूप पूर्ण बदलले तर त्याचा हुकूमही बदलतो, या इस्तिहालाच्या तत्त्वावर त्यांनी जिलेटिनला मुभा दिली. सगळ्यांना ते मान्य नाही. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेचे उदाहरण घ्या. 2018 मध्ये त्यांच्यासमोर आलेली एमआर लस आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची होती. परिषदेने म्हटले, यात डुकराचा अंश वापरला आहे, म्हणून ती हराम. पण आजार घातक आहे आणि दुसरी हलाल लस उपलब्ध नाही, म्हणून जरूरत या तत्त्वाने ती देणे जायज. म्हणजे कडक मत धरणाऱ्यांनीही दार बंद केले नाही. मात्र फतव्याचा पहिला शब्द तेवढा फिरला, पुढचे वाक्य मागे राहिले आणि काही प्रांतांत मोहीम अडून बसली. आपल्याकडे असे होऊ नये.

आणखी सोपे उदाहरण देतो. हजला जाणाऱ्या प्रत्येकाला मेंदूज्वराची लस घ्यावी लागते. भारतातून जाणाऱ्यांना पोलिओचे थेंबही घ्यावे लागतात. ही सौदी सरकारची अट आहे. आपल्या घरातले हाजीसाहेब ती घेऊन मक्केला जाऊन आले. साठीच्या माणसाला जी खबरदारी चालते ती नऊ महिन्यांच्या बाळाला का चालू नये?

तिसरा प्रश्न स्वमग्नतेचा, म्हणजे ऑटिझमचा. तो शिकलेल्या घरांत जास्त ऐकू येतो. 1998 मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरने बारा मुलांवरून लेख लिहून ही भीती पसरवली. 2010 मध्ये त्या नियतकालिकाने लेख मागे घेतला आणि वेकफिल्डचे नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढून टाकले गेले. 2019 मध्ये डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. संबंध सापडला नाही. बारा मुले एका बाजूला, साडेसहा लाख दुसऱ्या बाजूला. पहिला लेख मात्र व्हॉट्सॲपवर अजून जिवंत आहे.

चौथा प्रश्न मला सगळ्यात रास्त वाटतो. देणाऱ्याच्या हातून चूक झाली तर? चुका झाल्या आहेत. 1902 मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी प्लेगच्या लशीच्या एका बाटलीतून धनुर्वात होऊन 19 माणसे मेली. जानेवारी 2021 मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात 12 मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. पोलिओच्या तोंडावाटे देण्याच्या लशीतील एका घटकामुळेच क्वचित पोलिओ होतो हे दिसल्यावर 2016 मध्ये तो घटक जगभर काढून टाकला गेला. अशा गोष्टी लपवू नयेत. त्यातून धडा असा निघतो की आपण डोळे उघडे ठेवून जावे. बाटलीवरची मुदत विचारा. सुई नवी आहे का पाहा. कोणती लस, कोणता डोस, पुढचा कधी, हे कार्डावर लिहून घ्या. जानेवारी 2019 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शाळांतील एमआर मोहिमेबाबत सांगितले होते की पालकांची संमती हवी आणि दुष्परिणामांची माहितीही त्यांना दिली पाहिजे. विचारणे हा आपला हक्क आहे. विचारणारा बाप लसविरोधी नसतो. विचारून उत्तर ऐकायला न थांबणारा तो लसविरोधी.

आता खरे सांगू का? आपल्या वस्त्यांत डोस चुकण्याचे कारण दर वेळी अफवा नसते. आई घरकामाला किंवा शिलाईला जाते, लसीकरणाचा दिवस चुकला तर पुढच्या आठवड्याची मजुरी कोण सोडणार? मधल्या काळात कुटुंब गावी जाऊन येते. कार्ड हरवते आणि सिस्टर ओरडतील म्हणून आई जातच नाही. बाळाला थोडी सर्दी असते, म्हणून सासू म्हणते, नंतर. आणि पुष्कळ घरांत मुलाच्या बापाची परवानगी लागते. तो परवानगी देतो, नाहीतर नाकारतो, पण केंद्रावर कधी जात नाही. वर्तमानपत्रे या सगळ्याला एकच शब्द वापरतात: "मुस्लिमांचा विरोध". तो शब्द आपल्याला झोंबतो, आणि झोंबायलाच हवा. पण त्याला उत्तर निवेदनाने देता येत नाही, भरलेल्या कार्डाने देता येते. देशभरात 2019-21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत सुमारे 76 टक्के मुलांचेच लसीकरण पूर्ण होते. म्हणजे चारातले एक मूल मागे राहिले आहे आणि ते सगळ्या धर्मांचे आहे. आपण आपल्या गल्लीपासून सुरुवात करू.

मुंबईत 1896 मध्ये प्लेग आला तेव्हा हाफकिन यांनी लस तयार करून जानेवारी 1897 मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. लोक घाबरले होते. तेव्हा जेमतेम वीस वर्षांचे आगाखान, तिसरे सुलतान मुहम्मद शाह, यांनी जाहीरपणे लस टोचून घेतली आणि हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी स्वतःची इमारत दिली. त्यांच्या खोजा समाजातले लोक मग पुढे आले. तुमच्याच वयाचा तरुण होता तो. तुमच्याकडे इमारत नसेल, मोबाईल तर आहे.

म्हणून प्रत्येकाला चार कामे सांगतो. पहिले, आपल्या घरातल्या आणि दोन्ही बाजूंच्या शेजारच्या पाच वर्षांखालील मुलांची कार्डे बघा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ ते बारा महिन्यांत, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. चुकला असेल तर पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात मोफत मिळतो. दुसरे, कार्ड हरवले असेल तर आशाताईंना गाठून नोंद शोधा. आता यू-विन या सरकारी पोर्टलवर नोंद राहते, गावी गेलात तर तिथल्या केंद्रावरही पुढचा डोस घेता येतो. साधी सर्दी असेल तरी लस देता येते, हे सासूबाईंना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. तिसरे, मस्जिदीच्या कमिटीला भेटा आणि जुम्म्याला दोन मिनिटांची घोषणा मागा, लसीकरणाचा दिवस आणि जागा सांगण्यापुरती. चौथे पुरुषांसाठी. परवानगी देणारे आहात तर सोबत जाणारेही व्हा. अर्धा तास केंद्रावर थांबा, रात्री ताप आला तर पॅरासिटामॉल किती द्यायचे ते तिथेच विचारून ठेवा, आणि त्या रात्री पाळी लावून जागा.

आणि ग्रुपवर खालांचा मेसेज आला तर "अडाणीपणा" असे लिहू नका. फोन लावा. आमच्या खालांशी माझी बायको पाऊण तास बोलली. मुलीने डोस घेतला, ताप आला, दोन दिवसांत गेला. खालांनी त्यांच्या नातवाला लगेच लस दिली असे झाले नाही, त्यांनी आणखी तीन महिने घेतले. पण दिली. माणसे वादात हरून बदलत नाहीत. त्यांचे कोणी ऐकून घेतले, तर ती बदलण्याची शक्यता असते.

आता प्रश्न विचारा, आणि दवाखान्यात विचारायला लाज वाटते तेच आधी विचारा.